रविवारचा कोबा

तानुबाईचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. घरात घड्याळ नव्हतं, पण वेळ कधी चुकली नाही. मशिदीतली बांग कानावर येईपर्यंत तिच्या आठ भाकरी थापून झालेल्या असत, पिठलं चुलीवरून उतरलेलं असे आणि नवऱ्याच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवलेला असे. नवरा कडूबा. त्याचे दोन्ही डोळे चुन्याने गेले होते. परांचीवर कोणाच्या तरी हातून पाटी कलंडली आणि ताजा विझवलेला चुना तोंडावर आला. त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून घर तानुबाईच्या दोन हातांवर होतं.

काम तेच, चुन्याचं. ज्याने नवऱ्याचे डोळे घेतले त्याच्याशी काम करतेस, भीती नाही वाटत का, असं कोणी विचारलं की ती म्हणे, "चुन्यानं नाही घेतले. पाटी धरणाऱ्यानं घेतले."

ती कोबा चोपायची. कोबा म्हणजे चुन्याची जमीन. चुना, विटांची भुकटी आणि बारीक खडी यांचा थर पसरायचा आणि लाकडी थापीने तो ठोकत राहायचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सहा दिवस. ठोकताना वरून गूळ, हिरडा आणि बेलफळ भिजवलेलं पाणी शिंपडायचं. पहिल्या दिवशी थापी भद्द वाजते. तिसऱ्या दिवशी टप वाजते. सहाव्या दिवशी ती हातात उसळी मारते आणि टण्ण वाजते. तेव्हा कोबा उठला म्हणायचं. त्याआधी हात थांबला तर जमीन तडकते. थांबून, वाळू देऊन मग ठोकली तर फुटते.

बाया उकिडव्या एका रांगेत बसतात आणि ठोकत ठोकत मागे सरकतात. गाण्यावर ठोका पडतो. मिनिटाला चाळीस ठोके, दिवसाचे नऊ तास. गुडघे धरतात, मनगट सुजतं, चुन्याने बोटांची पेरं फाटतात. रात्री पेरांना तेल लावायचं आणि सकाळी पुन्हा रांगेत बसायचं. तानुबाईच्या हाताखाली देऊळघाटच्या नऊ बाया होत्या. ती धरून दहा.

एकोणीसशे पासष्ट साली बुलढाण्याच्या चर्चचं काम निघालं.

हे चर्च इंग्रज अंमलदारांनी आपल्यापुरतं बांधलेलं. काळ्या दगडाच्या दोन हात जाड भिंती, वर कौलं, आत चाळीस माणसांची जागा. ते गेले. चर्चला काही वर्षं कुलूप होतं, आत वटवाघळं होती. मग इथल्या मंडळींनी ते उघडलं. दवाखान्यातल्या नर्सबाया, शाळामास्तर, एसटीचे ड्रायव्हर, आसपासच्या खेड्यांतली पाच-दहा शेतकरी घरं. आधी चाळीस जण, मग ऐंशी, मग दोनशे. दर रविवारी निम्मे लोक बाहेर कडुनिंबाखाली बसायचे आणि खिडकीतून येईल तेवढं ऐकायचे. म्हातारी सत्यभामाबाई तर म्हणायची, "अकरा वर्षं झाली. आमेन तेवढं ऐकू येते. कशाले आमेन, ते माहीत नाही."

तेव्हा ठरलं की दोन्ही लांब भिंतींत तीन-तीन कमानी फोडायच्या, बाजूंना ओसरीसारखे दोन सोपे काढायचे आणि सगळी जमीन नवी करायची. ईस्टरच्या आत. ठेका खामगावच्या किसनरावाकडे गेला. गवंडी इंद्रभान. दगडी भिंतीला कमान फोडताना वरचा भार कसा तोलून धरायचा हे त्या भागात त्याच्याएवढं कोणाला ठाऊक नव्हतं. महिनाभरात सहा कमानी उघडल्या, कौल एक फुटलं नाही.

जमिनीवरून मात्र वाद झाला. किसनरावाजवळ सिमेंटचं परमिट होतं. त्याला चार दिवसांत काम उरकायचं होतं.

"चुना आता कोण वापरते, साहेब? दहा बाया, सहा दिवस, वर गुळाचं पाणी. कोबा करून राह्यलो का कढी?"

पाळक शेषराव हे चर्चचे धर्मगुरू. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांनी इंद्रभानकडे पाहिलं.

इंद्रभान म्हणाला, "भिंत चुन्याची आहे. खाली सिमेंट घातलं तर ओल निघाले जागा राहत नाही. भिंतीतून चढते. पाच वर्षांनी भिंत घाम गाळीन."

"अन कोब्याले तडा गेला तर?" किसनराव म्हणाला.

तानुबाई चुन्याच्या ढिगाजवळ उभी होती. ती म्हणाली, "जाणार नाही."

"गेला तर?"

"तर सोपे तुमचे. सिमेंट घाला."

पाळकांनी मग तोड काढली. मधली जमीन आधी चुन्याची करायची. ती बिनतड्याची उठली तर दोन्ही सोपेही चुन्याचे, आणि ते काम तानुबाईला तिच्या नावावर, मध्ये मुकादम नाही. तडा गेला तर दोन्ही सोपे सिमेंटचे. किसनराव कबूल झाला, पण जाता जाता बोलला, "तडा गेला तर पुढं माझ्या कोणत्याच कामावर थापी दिसणार नाही, बाई. मग नऊ जणींले निंदणीले न्या."

तो उगाच बोलला नव्हता. त्या भागातली निम्मी बांधकामं त्याच्याकडे होती, आणि तो करी तेच बाकीचे ठेकेदार करत. तानुबाईने हे ओळखलं.  चुना विझवून मुरायला ठेवला होता, त्यात हात घालून तिने चिमूट काढली, दोन बोटांत घासली. लोण्यासारखा सरकला. पंधरा दिवस मुरला होता. बैलाच्या घाणीत दळून घेतला की झाला तयार.

कोबा बुधवारी घातला.

बुधवार तानुबाईनेच ठरवला. तिच्या टोळीचा आठवडा बाजारापासून बाजारापर्यंत. मंगळवारी बाजार, त्या दिवशी काम नाही. बुधवारी घातला की सोमवारी सहा दिवस भरतात, आणि मंगळवारी मीठमिरची आणायला बाया मोकळ्या. सतरा वर्षं ती हेच मोजत आली होती. दुकानं, शाळा, सरकारी बंगले, सगळे कोबे तिने बुधवारी घातले होते.

पाळकांनी बुधवारी येऊन पाहिलं. पांढरट गुलाबी थर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरलेला. त्यांना बरं वाटलं. जमीन झाली असं ते समजले आणि मोताळ्याकडच्या खेड्यांत भेटी द्यायला गेले.

देऊळघाट तीन कोस. रोज येणं-जाणं करून कोबा होत नाही, म्हणून चोपणीचे दिवस बाया आवारातल्या जुन्या घोड्यांच्या पागेत राहत. सूर्य उगवला की रांग बसे. दुपारी भाकरी, आणि उन्हं उतरेपर्यंत पुन्हा रांग. संध्याकाळी जमिनीवर ओली गोणपाटं पसरायची.

टोळीत कोकिळा सगळ्यांत नवी. तानुबाईच्या बहिणीची सून. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. येशूचं चित्र भिंतीवरून काढून पागेत ठेवलं होतं. ते पाहून ती तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मावशी, हा बी सुताराचा पोरगा होता म्हणे."

"मग?"

"मग काही नाही. आपल्यातलाच निघाला. रोजगार किती भेटत असन?"

"तुझ्या थापीले विचार. ती काऊन थांबली?"

थापी पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी वारा सुटला होता. फाल्गुनातला कोरडा वारा, घाटातून वर येणारा. सहा नव्या कमानींतून तो सरळ आत यायचा. पाणी शिंपडलं की सुपारी फोडेपर्यंत सुकायचं. तानुबाईने दोन बाया नुसत्या पाण्यावर लावल्या आणि स्वतः दोन जणींच्या जागेवर ठोकू लागली. शनिवारी दुपारी आवाज बदलायला लागला. टपच्या पोटात कुठेतरी टण्ण ऐकू येऊ लागलं. पाचवा दिवस नीट गेला की जमिनीचं तोंड बंद होईल, हे तिला कळलं.

शनिवारी संध्याकाळी पाळक खेड्यांवरून परत आले. बाया गोणपाटं भिजवत होत्या. पाळक म्हणाले, "छान झालं. उद्या आराम करा. परवा भेटू."

तानुबाईला वाटलं, थट्टा करतात. "उद्या काऊन आराम? उद्या पाचवा दिवस."

"उद्या रविवार."

"हाव. मग?"

पाळकांच्या ध्यानात तेव्हा आलं की घोटाळा झाला आहे. त्यांनी विचारलं, "अजून चोपायचं आहे?"

"दोन दिवस आहे ना, साहेब. बुधवारी घातला."

"बुधवारी का घातला?"

"मंगळवारी बाजार असते."

 किसनरावाशी झालेल्या करारात पहिल्याच कलमात लिहिलं होतं की रविवारी मजुरी लावायची नाही. किसनरावाने सही केली होती, पण सहा दिवसांचा कोबा आणि सातवा दिवस यांचा मेळ त्यानेही घातला नव्हता. पाळक सोमवार ते शनिवार मोजत होते, तानुबाई बुधवार ते सोमवार.

"गोणपाटं ओली ठेवली तर?" पाळक म्हणाले.

"रातच्याले चालते. दिवसा ह्या वाऱ्यात नाही. पाचव्या दिवशी मार बसला नाही तर बारीक बारीक भेगा पडतात. मग सोमवारी ठोकू तर फुटते. नाही ठोकू तर राहते तशीच."

"एक दिवसाने?"

"साहेब, चुन्याले रविवार माहीत नाही."

पाळकांनी मान हलवली. पण हो म्हणाले नाहीत. कडुनिंबाखाली चार-पाच मंडळी येऊन बसली होती, त्यांत भगवानराव होता. त्याच्याकडे बोट करून पाळक म्हणाले, "हे भगवानराव. खामगावला कापसाच्या एका जिनात होते. रविवारी पाळीवर या म्हणाले, हे गेले नाहीत. काम गेलं. मीच त्यांना सांगितलं होतं, जाऊ नका म्हणून. आता आठ महिने झाले, मिळेल ते काम करतात. ह्या माणसाला मी म्हणायचं रविवारी हात घालू नको, आणि आपल्या चर्चसाठी तुम्हाला पैसे देऊन राबवायचं? मी त्यांच्याकडे पाहू कसा?"

तानुबाईने भगवानरावाकडे पाहिलं. त्याच्या शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली होती. तिला पाळकांचं म्हणणं कळलं. पटलं असं नाही, पण कळलं.

कोकिळा मधेच म्हणाली, "पैसे नको देऊ म्हणा, मावशी. एक दिवस फुकट करू. आपलंच काम जाते आहे."

"फुकट नाही," तानुबाई म्हणाली.

"काऊन?"

"फुकटचा हात हलका पडते. दुपारी उन्हात मनात येते, आपण काऊन मरून राह्यलो. थापी तिथंच सैल होते. अन आज फुकट केलं तर उद्या किसनराव म्हणते, मागच्या वेळी केलंच होतं."

 वारा कमानींतून आत जात होता.

तेव्हा सत्यभामाबाई कडुनिंबाखालून उठून आली. सत्तरीची, वाकलेली, पण पायात जोर होता. तिने तानुबाईच्या हातातली थापी घेऊन उलटसुलट पाहिली.

"आमी ठोकू तर?"

"तुम्ही?"

"आमी मंडळी. आमाले कोण मजुरी देते? आपल्या घराची जमीन आपण सारवतो, त्याले कोणी काम म्हणत नाही. रविवारी सारवतच नाही का कोणी?"

पाळक हसले. "रविवारी सारवता?"

"तुम्ही प्रार्थनेले गेल्यावर," म्हातारी म्हणाली.

भगवानराव उठून म्हणाला, "मी येतो सकाळी."

पाळकांनी गोणपाटाची कड उचलून खालचा कोबा पाहिला. मग म्हणाले, "मंडळीने स्वतःच्या हाताने केलं तर ती सेवा आहे. त्याला माझी ना नाही. पण तानुबाई, तुमच्या बायांनी थापी धरायची नाही. मजुरी होईल."

"बोलायचं तरी?" कोकिळा म्हणाली. "का बोलणं बी काम धरता तुमच्यात?"

"बोलायचं काम तर मी दर रविवारीच करतो," पाळक म्हणाले.

अशा रीतीने सगळं तानुबाईच्या हातून गेलं. दहा जणींचं पुढचं पोट ज्या जमिनीवर ठरायचं होतं, ती जमीन आयुष्यात थापी न धरलेल्या लोकांच्या हाती जाणार होती, आणि तिला हात मांडीवर ठेवून बसायचं होतं. तिने टोळीच्या बारा थाप्या मोजून भिंतीशी लावल्या. ज्या दोन थाप्या कडेने झिजल्या होत्या त्या बाजूला काढल्या.

रविवारी सूर्य उगवायच्या आत तीस-चाळीस माणसं आली. बाकीची पुढे येत राहिली. तानुबाई खिडकीच्या दगडी उंबऱ्यावर बसली आणि बाया मागे पागेच्या भिंतीशी. तिने सांगितलं, चपला बाहेर. रांगेत दहाच बसा. थापी सपाट पडली पाहिजे, कड लागली तर खड्डा. जोर खांद्यातून नाही, मनगटातून. मागे सरका, पुढे नाही. घाम गळला तर पुसा, कोब्यावर पडू देऊ नका.

पाळकांनी लहानशी प्रार्थना केली आणि गीत सुरू झालं. गीत चांगलं होतं, पण लांबलचक सुराचं. एका ओळीत तीनच ठोके पडत. तानुबाईने दोन कडवी वाट पाहिली. मग ती म्हणाली, "साहेब, हे गाणं देवाले बरं आहे. थापीले नाही. चुना झोपून जाईन."

लोक हसले. पाळकांनी जरा घाईची चाल धरली, ती तिसऱ्या ओळीला पुन्हा लांबली. शेवटी सत्यभामाबाईने ते गीत उचललं. शब्द तेच, पण चाल जात्यावरची. दळताना हात जसा फिरतो तशी. रांगेतल्या बायका ती चाल जन्मापासून ओळखत होत्या. ठोके एकदम एकावर एक पडू लागले. पागेच्या भिंतीशी बसलेल्या टोळीतल्या बायांचेही हात मांडीवर आपसूक हलू लागले.

तासातासाने रांग बदलत गेली. नर्सबायांचे हात उत्तम निघाले. ड्रायव्हर लोक जोर फार लावत, त्यांना आवरावं लागलं. भगवानराव एकदा बसला तो उठला नाही. त्याला थापी कशी धरायची हे एकदाच सांगावं लागलं. दुपारी प्रार्थना कडुनिंबाखाली झाली, तेव्हाही दहा जण आत ठोकत होते. पाळकांनी उपदेश आटोपता घेतला.

महादेवराव मास्तर उत्तरेच्या दुसऱ्या कमानीपाशी होते. अंगाने भारी, स्वभावाने गरीब. थापी उचलून ते हळूच खाली ठेवत.

"मास्तर," तानुबाई म्हणाली, "कोब्याले समजावून सांगू नका. ठोका."

मास्तरांनी पाच मिनिटं ठोकलं. मग पुन्हा समजावू लागले. ती दोनदा बोलली, तिसऱ्यांदा बोलली नाही. म्हातारा माणूस, सगळ्यांदेखत किती बोलणार? तिची बोटं मात्र उंबऱ्याच्या दगडावर वाजत राहिली. नऊ तास ठोकण्यापेक्षा नऊ तास पाहणं जड जातं, हे तिला त्या दिवशी समजलं. संध्याकाळी तिची पाठ जास्त दुखत होती.

सोमवारी पहाटे, बाया उठायच्या आत, ती एकटी थापी घेऊन आत गेली. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून हात-हात अंतरावर एकेक ठोका देत गेली. टण्ण. टण्ण. टण्ण. वेदीच्या पायरीपाशी टण्ण. दक्षिणेच्या तिन्ही कमानींपाशी टण्ण. मधोमध एका ठिकाणी जरा कमी, पण एका दिवसात भरून येणारं. उत्तरेच्या दुसऱ्या कमानीपाशी थापी भद्द वाजली.

ती खाली बसली. तोंड जमिनीशी नेऊन पाहिलं. तडा दिसत नव्हता. फक्त सुपाएवढी जागा खालून पोकळ राहिली होती. वर बसलेलं, आत नाही.

कोकिळा डोळे चोळत आली. तिने एक ठोका मारला आणि ओठ चावला. मग इकडेतिकडे पाहून म्हणाली, "मावशी, वरून घोटून टाकू. चांगलं गुळगुळीत. कोणाले दिसते?"

"पायाले दिसते."

"आज नाही दिसत."

"दोन पावसाळ्यांनी दिसते. छन्नी आण."

बाकीची टोळी मधल्या जमिनीवर सहावा दिवस चोपत होती, तेव्हा तानुबाईने ती सुपाएवढी जागा चौकोनी कापून काढली. खालची खडी धुतली. कडा तिरप्या केल्या, म्हणजे नवा चुना जुन्यात धरतो. नवा थर घातला आणि ठोकायला बसली. नवा थर म्हणजे पुन्हा सहा दिवस. मंगळवारी बाया बाजाराला गेल्या, ती राहिली. कोकिळाने जाताना विचारलं, "काही आणू?" ती म्हणाली, "तंबाखू. अन कडूबाले सांग, शनिवारी येते."

मंगळवारीच किसनराव आला. सपाट जमिनीत तो ओला चौकोन दुरूनच दिसत होता.

"बिघडला ना?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. दिवस मोजणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. "बोललो होतो. साहेब, पाहून घ्या. सिमेंट उद्या उतरवतो."

पाळक आले. त्यांनी चौकोनाकडे पाहिलं. "हे कसं झालं?"

मास्तर मागेच उभे होते, शाळेत जाता जाता डोकावलेले. तानुबाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "मी बुधवारी घातला म्हणून. मोजणी माझी चुकली."

"आमची पण चुकली," पाळक म्हणाले.

मास्तर हळूच म्हणाले, "ती माझी जागा आहे." आणि मग कोणी काही विचारायच्या आत शाळेकडे निघून गेले.

किसनराव म्हणाला, "कोणाची का असेना. तडा तो तडा."

"तडा कुठं आहे?" तानुबाई म्हणाली. "दाखवा. मीच काढलं, मीच भरून राह्यले. तुम्ही आले तेव्हा झाकून असतं तर तुम्हाले दिसलं नसतं."

 किसनराव स्वतः गवंड्याचा मुलगा होता. झाकलेलं काम म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने पायातली चप्पल काढली आणि अनवाणी जमिनीवर चालून आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"शनिवारपर्यंत थांबतो," तो म्हणाला.

तानुबाई सहा दिवस त्या सुपाएवढ्या जागेशी बसली. एवढ्या लहान तुकड्याला गाणं लागत नाही, तरी तिच्या तोंडात म्हातारीची ती चाल बसली होती. शब्द तिला येत नव्हते. ती आपल्याच ओव्या त्यात घालायची. शनिवारी दुपारी थापी टण्ण वाजली.

पाळक, इंद्रभान आणि किसनराव तिघंही आले. किसनरावाने दोन बादल्या पाणी वेदीच्या पायरीपाशी ओतलं आणि तो पाहत उभा राहिला. पाणी कुठे मुरलं नाही, कुठे थांबलं नाही. इंद्रभानने दिलेल्या उतारावरून सरळ दारापर्यंत गेलं आणि पायरीवरून खाली पडलं. नव्या चौकोनावरून जाताना त्याने वाट वाकडी केली नाही.

"घ्या बाई सोपे," किसनराव म्हणाला. "पण ईस्टरच्या आत. अन तुमच्या नावावर म्हणजे तुमच्या नावावर. उशीर झाला तर मी ऐकणार नाही."

"सोमवारी घालते," तानुबाई म्हणाली.

पाळक हसले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण ती हसली नाही. तिच्या डोक्यात दोन सोप्यांच्या चुन्याचं माप चाललं होतं.

उत्तरेचा सोपा एका आठवड्यात उठला, दक्षिणेचा पुढच्या. सोमवार ते शनिवार. मध्ये मंगळवारचा बाजार आला की टोळीतल्या दोघी जाऊन दहा घरांची मीठमिरची घेऊन येत, बाकीच्या ठोकत राहत. रविवारी सगळ्या तीन कोस चालत घरी जात. भगवानराव दोन्ही आठवडे अकरावा माणूस म्हणून रांगेत बसला. बायांच्या रांगेत पुरुष म्हणून कोकिळाने पहिल्या दिवशी त्याला "भगवानबाई" म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "थापी बरोबर पडते का नाही, ते सांगा." ती बरोबर पडत होती. पुन्हा तिने तसं म्हटलं नाही. तानुबाईने त्याला बाकी नऊ जणींएवढीच मजुरी दिली, कमी नाही, जास्त नाही.

मग घोटाई. नदीतल्या गुळगुळीत गोट्याने सगळी जमीन घासायची, तोंड दिसेपर्यंत. त्यात आणखी दहा दिवस गेले. बोटांच्या पेरांतून रक्त येई, ते कोब्यावर लागू नये म्हणून बाया चिंध्या बांधून घोटत.

ईस्टरच्या दिवशी टोळीला बोलावणं होतं. तानुबाई गेली, कोकिळाला घेऊन. दोघी मागच्या दारापाशी उभ्या राहिल्या. मधली जागा भरली होती, दोन्ही सोपे भरले होते, आणि कडुनिंबाखाली कोणी नव्हतं. फक्त चपला होत्या. सत्यभामाबाई दक्षिणेच्या सोप्यात पहिल्या ओळीत बसली होती, मांडी घालून, नव्या जमिनीवर काही न अंथरता. गीत सुरू झालं तेव्हा ते लांबलचक चालीतच सुरू झालं. कोकिळा कुजबुजली, "चुना झोपला." तानुबाईने तिला कोपराने ढोसलं.

त्या वर्षी तानुबाईच्या हातात जी मजुरी आली, ती मुकादमाच्या हातून न जाता आली. बायांचे वाटे देऊन जे उरलं त्याचं ती काय करणार, याची गावात चर्चा होती. आता ती स्वतःच्या घरात कोबा घालील, असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, "कशाले? शेणाची जमीन पायाले गरम लागते."

तिच्या घराला दार नव्हतं. तुराट्यांची ताटी होती, दोरीने बांधलेली. ती ताटी कुत्रं नाकाने ढकलून आत येई. म्हणून कडूबा बारा वर्षं दिवसभर भाकरीच्या टोपल्याशी काठी घेऊन बसून राहायचा. आवाज आला की हवेत काठी फिरवायची. घर सोडून तो कुठे जाऊ शकत नसे. माणसं पारावर बसून बोलत, ती त्याला आत ऐकू येत.

वैशाखात सुताराने सागवानी चौकट बसवली. दोन फळ्यांचं दार, आतून अडसर, बाहेरून कडी आणि कोयंडा. खामगावहून कुलूप आणलं. इंद्रभानने येऊन चौकटीच्या कडा चुन्याने भरून दिल्या आणि मजुरी घेतली. तानुबाईनेच घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी ती कामाला निघाली तेव्हा कडूबाने दार ओढलं, कडी चाचपून लावली, कुलूप दाबलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि काठी टेकत पाराकडे गेला.